मुद्दल राखावे, व्याज उपभोगावे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मी व्याख्याता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलो. त्यामुळे विषय वृक्षांचा असला तरी माझ्या हातातून खतावणी सुटत नाही, हे आपण समजून घ्यावे. संयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी अमेरिकेतील राज्य उद्यानांचा, म्हणजे तेथे ज्यांना ‘स्टेट पार्क’ म्हणतात त्यांचा विषय निवडला. आपल्यापैकी अनेकांची मुले कॅलिफोर्नियात स्थायिक आहेत. आपण तेथे तीन-चार महिने राहून येतो, गोल्डन गेट पूल पाहतो, मोठमोठी दुकाने पाहतो. परंतु मुलाच्या घरापासून तासा-दीड तासावर असलेली ही उद्याने पाहताना मला जे शिकायला मिळाले, ते दुकानांत मिळाले नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकार चालवते आणि राज्य उद्याने त्या त्या राज्याचे सरकार. या कल्पनेचे बीज १८६४ सालचे. त्या वर्षी, यादवी युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटी खोरे आणि मारिपोसा येथील महावृक्षांचे वन कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. अट अशी की ही भूमी लोकांच्या उपयोगासाठी व विश्रांतीसाठी कायम राखावी. पुढे १९०६ साली ते खोरे केंद्राकडे परत गेले, पण राज्याने लोकांसाठी भूमी विश्वासाने सांभाळावी, हा विचार रुजला.

या विचारातून उभे राहिलेले बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचे सर्वांत जुने राज्य उद्यान. येथील रेडवूड वृक्ष तीनशे फुटांहून उंच वाढतात आणि काही दोन हजार वर्षांपर्यंत जगतात. एकेकाळी त्या किनाऱ्यावर अशा वनांनी सुमारे वीस लाख एकर भूमी व्यापली होती. त्यांतील जुन्या वृक्षांचे वन आज केवळ पाच टक्क्यांच्या आसपास उरले आहे. बाकीचे करवतीखाली गेले. १९०० साली सॅन होजे येथील छायाचित्रकार अँड्र्यू हिल अशाच एका वनात छायाचित्रे घेण्यास गेले असता, खाजगी मालकाने त्यांच्याकडे काचा परत मागितल्या. हे वृक्ष एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असू नयेत, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी मे महिन्यात काही स्त्री-पुरुष बिग बेसिनच्या वनात मुक्कामाला गेले आणि त्यांनी एक मंडळ स्थापन केले. तेथेच टोपी फिरवून वर्गणी गोळा केली. जमले किती? बत्तीस डॉलर! परंतु त्या मंडळाने वर्षभरात राज्याच्या विधिमंडळाकडून अडीच लाख डॉलर मंजूर करून घेतले आणि १९०२ साली सुमारे ३,८०० एकर वन सार्वजनिक झाले. ‘अमेरिका श्रीमंत देश, त्यांना हे परवडते’ असे म्हणणाऱ्यांनी हे बत्तीस डॉलर ध्यानात ठेवावेत.

वन मिळाले, लोक येऊ लागले. आता दुसरा प्रश्न उभा राहिला. ज्याचा आनंद घ्यायचा, तेच आनंद घेण्याच्या भरात झिजू लागले. पूर्वीच्या काळी बिग बेसिनमध्ये महावृक्षांच्या अगदी मधोमध उपाहारगृह होते, राहण्याच्या खोल्या होत्या, नृत्यासाठी चौथरा होता, पोहण्याचा तलावही होता. रेडवूडची मुळे उथळ असतात. पावलांनी आणि गाड्यांच्या चाकांनी माती दबली की त्यांना त्रास होतो. व्यापारात यंत्र वापरले की आपण वर्षाअखेर घसाऱ्याची तरतूद करतो. उद्यानाचाही घसारा होतो, पण तो ताळेबंदात दिसत नाही म्हणून कोणी धरत नाही.

या घसाऱ्याचे एक उदाहरण आपल्या समाजाने विशेष विचारात घ्यावे असे आहे. मार्बल्ड मरेलेट नावाचा एक लहान समुद्रपक्षी आहे. तो अन्न समुद्रात शोधतो आणि अंडे मात्र जुन्या उंच वृक्षाच्या फांदीवर घालतो. तेही एकाच वेळी एकच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्याचे घरटे प्रथम १९७४ साली याच बिग बेसिनमध्ये सापडले. आज तो दुर्मिळ झाला आहे. त्याचे मुख्य कारण वृक्षतोड हे खरेच. पण दुसरे कारण सहलीला येणाऱ्यांच्या शिदोरीत आहे. खाली सांडलेल्या आणि कौतुकाने घातलेल्या तुकड्यांवर नीलकंठी जे पक्षी आणि डोमकावळे यांची संख्या वाढते, आणि तेच पुढे मरेलेटची अंडी व पिल्ले खातात. म्हणून तेथे येणाऱ्या प्रत्येकाला विनंती केली जाते की अन्नाचा कणही मागे ठेवू नका. बंधू-भगिनींनो, आपण जीवदयेच्या भावनेने मुक्या प्राण्यांना खाऊ घालतो. भावना निर्मळ आहे. पण वनामध्ये एका जीवाला घातलेला घास दुसऱ्या जीवाच्या पिल्लावर बेतू शकतो. तेथे न घालणे हीच दया होय. विवेकाविना दया अपुरी राहते, हे मला त्या वनात उमगले.

तिसरा प्रश्न पैशाचा. १९२८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी उद्यानांच्या जमिनीसाठी साठ लाख डॉलरचे कर्जरोखे जवळजवळ तिनास एक अशा बहुमताने मंजूर केले. त्यातील अट मला फार आवडली : राज्य जेवढी रक्कम देईल, तेवढीच रक्कम वा तेवढ्या मोलाची जमीन लोकांनी दानातून आणावी. दान आणि कर यांची अशी गाठ बांधली की दोघांनाही एकमेकांचा हिशेब पाहावा लागतो. १९१८ साली स्थापन झालेल्या ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ या संस्थेने दात्यांकडून पैसा जमवला, दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ वृक्षराजी राखण्याची प्रथा पाडली. धनाढ्य जॉन रॉकफेलर (धाकटे) यांनी हंबोल्ट परगण्यातील बुल क्रीक येथील वनासाठी वीस लाख डॉलर दिले, आणि प्रारंभी तर आपले नाव प्रकट होऊ दिले नाही.

वन विकत घेतले, म्हणजे काम संपले असे वाटले असेल. परंतु ओढ्याच्या वरच्या अंगाची डोंगरउतरण खाजगी होती आणि तेथे तोड चालूच राहिली. १९५५ च्या डिसेंबरात महापूर आला. उघड्या पडलेल्या उतारांवरून माती व दगडगोटे वाहून आले, ओढ्याने काठ खाल्ले आणि शतकानुशतके उभे असलेले शेकडो वृक्ष संरक्षित वनातच कोसळले. त्यानंतर राज्याने आणि दात्यांनी मिळून वरचे पाणलोट क्षेत्र घेण्याचे काम पुढील काही दशके केले. नुसता पदर जपून भागत नाही, वीण संपूर्ण वस्त्राची असते, हे कापडवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

जमीन झाली, पाणलोट झाले. पण नित्याचा खर्च? २०११ साली कॅलिफोर्निया सरकारने तुटीचे कारण देऊन आपल्या सुमारे २८० उद्यानांपैकी ७० बंद करण्याची घोषणा केली. गावोगावच्या संस्था धावल्या, लोकांनी वर्गण्या काढल्या, काही उद्याने चालवण्याची जबाबदारी सेवाभावी संस्थांनी स्वतःकडे घेतली आणि बहुतेक सर्व उद्याने वाचली. मग २०१२ च्या जुलैमध्ये असे उघडकीस आले की उद्यान खात्याच्या दोन निधींत मिळून सुमारे पाच कोटी चाळीस लाख डॉलर जाहीर न करता पडून होते! खात्याच्या संचालकांना पद सोडावे लागले. पण खरे नुकसान विश्वासाचे झाले. ज्यांनी घासातला घास काढून दिला होता, त्यांना काय वाटले असेल? सार्वजनिक संस्थेत तुटीपेक्षाही अस्पष्ट हिशेब अधिक घातक ठरतो.

या सर्व प्रश्नांना एका माणसाने एकत्रित उत्तर दिले, ते अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यात. पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२१ ते १९२५ या काळात त्या राज्याचे गव्हर्नर होते. प्राणिमात्रांवर त्यांचा इतका जीव होता की १९२३ साली त्यांचा कुत्रा गॅरी मरण पावला, तेव्हा त्यांनी राज्याच्या विधिभवनावरील ध्वज अर्ध्यावर उतरवला आणि त्याबद्दल टीकाही सोसली. कटाडिन पर्वत राज्याने लोकांसाठी घ्यावा, असा त्यांनी विधिमंडळात वारंवार प्रयत्न केला. यश आले नाही. पदावरून उतरल्यावर त्यांनी १९३० साली स्वतःच्या पैशाने, पंचवीस हजार डॉलरना, सुमारे सहा हजार एकर भूमी घेतली आणि राज्याला अर्पण केली. त्यानंतर १९६२ पर्यंत, बत्तीस वर्षे, तुकड्यामागून तुकडा घेत त्यांनी दोन लाख एकरांहून अधिक भूमी दिली. आज ते उद्यान सुमारे ८५० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आठपट.

दान मोठेच, पण मला त्याहून मोठे वाटते ते दानपत्र. भूमी कायम नैसर्गिक, वन्य स्थितीत राखावी, ही पहिली अट. राज्य मालक नव्हे, जनतेच्या वतीने विश्वस्त, ही दुसरी. बहुतांश भागात शिकारीस बंदी आहे. सुमारे तीस हजार एकरांचा एक भाग त्यांनी शास्त्रीय वनशेतीच्या प्रयोगासाठी वेगळा नेमला, म्हणजे उपयोगालाही जागा दिली, पण तिची सीमा आखून. कारभार तीन पदाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे : राज्याचे महाधिवक्ता, वन्यजीव खात्याचे आयुक्त आणि वनसेवेचे संचालक. आणि १९६९ साली देह ठेवताना त्यांनी सुमारे सत्तर लाख डॉलरचा कायम निधी मागे ठेवला, जेणेकरून उद्यान दर वर्षी सरकारी तिजोरीपुढे हात पसरणार नाही. तेथे आजही वीज नाही, नळाचे पाणी नाही, डांबरी रस्ते नाहीत. पायथ्याचा वाहनतळ भरला की पुढच्या गाडीला दुसरी वाट धरावी लागते. कोणी श्रीमंत आहे म्हणून त्यात सूट नाही.

भविष्याचा विचार किती दूरचा करावा लागतो, हे पुन्हा बिग बेसिनने दाखवले. १६ ऑगस्ट २०२० रोजी विजांनी लागलेल्या वणव्यांत दोनच दिवसांत उद्यानाचा ९७ टक्के भाग होरपळला. १९३६ साली बांधलेले मुख्यालय आणि जवळजवळ शंभर वास्तू भस्मसात झाल्या. परंतु जाड सालीचे बहुतेक जुने रेडवूड जगले, आणि काळ्या खोडांवर हिरवी पालवी फुटली. २०२२ च्या जुलैमध्ये उद्यान मर्यादित स्वरूपात उघडले, आधी नोंदणी करून येणाऱ्यांसाठी. नव्या नियोजनात जुन्याच जागी जुन्या इमारती उभारण्याचा आग्रह धरलेला नाही. मुख्य सोयी आणि वाहनतळ जुन्या वृक्षांपासून दूर न्यावेत, तेथून प्रवाशांसाठी बस ठेवावी, या भूमीच्या मूळ रहिवाशांकडे असलेले नियंत्रित आग लावून वन निरोगी राखण्याचे ज्ञान उपयोगात आणावे, अशी दिशा आहे. माणसाने दोन पावले मागे सरावे, म्हणजे वृक्षाला श्वास घेता येतो.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातील राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांचा कारभार राज्याच्या वनविभागाकडेच आहे. बोरिवलीचे १०४ चौरस किलोमीटरचे वन मुंबईला लागून आहे. तुळशी आणि विहार तलावांचे पाणी त्याच्याच कुशीत साठते. कान्हेरीला जाणारे, पहाटे फिरायला येणारे आपण सर्व त्या ठेवीचे व्याज रोज घेत असतो. म्हणून माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. वनात जाताना नेलेले सर्व काही परत आणावे आणि कोणत्याही प्राण्याला खाऊ घालू नये. उद्यानासाठी दान देताना जमीन किंवा फलक यांवर न थांबता देखभालीच्या कायम निधीचा आणि जाहीर हिशेबाचा आग्रह धरावा. आणि ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी त्यांना तेथील उद्यानांत आठवड्याचे दोन तास स्वयंसेवा करण्यास सांगावे. ज्या भूमीने आश्रय दिला, तिचे ऋण असे फिटते.

पेढीवर माझे वडील सांगत, व्याजावर संसार करावा, मुद्दलाला हात लावू नये. दोन हजार वर्षांचा वृक्ष हे मुद्दल आहे. त्याची सावली, पाणी, शांतता हे व्याज. आपण व्याज अवश्य घ्यावे, आनंदाने घ्यावे, नातवंडांना सोबत नेऊन घ्यावे. मात्र ज्या नातवंडांची नावे अजून ठेवायची आहेत, त्यांच्या खात्यावर मुद्दल पूर्ण जमा असले पाहिजे. तो जमाखर्च आजच्या पिढीच्या स्वाक्षरीने पूर्ण होईल, अशी सदिच्छा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवतो.