लघुपट : पाचा उत्तरांची कहाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्याख्यान देण्याचा मला सराव नाही. कार्यवाहबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘लघुपट’ म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती अजून पुरती गेलेली नाही. त्यांचे म्हणणे असे की, वर्धापनदिनाला काही भरीव विषय हवा. मी म्हटले, भरीव आहे म्हणूनच तर घेतला.

गेल्या श्रावणात आपण याच सभागृहात उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा लघुपट पाहिला. अर्ध्या तासाच्या आतलाच खेळ. दिवे लागले आणि तीन-चार खुर्च्यांवरून एकदम आवाज आला, “एवढंच?” खुर्च्या सरकल्या, पिशव्या उचलल्या गेल्या, भाजीचे भाव सुरू झाले. मी कोणाला नावे ठेवीत नाही. मी स्वतः तर शेवटची दोन मिनिटे पाहिलीसुद्धा नव्हती. चहाचे आधण ठेवले की नाही ते बघायला आत गेले होते. त्या ‘एवढंच?’ला काही उत्तर आहे का, ते मी तेव्हापासून शोधते आहे. जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

लहान म्हणजे कमी, असे आपण कधीपासून मानू लागलो? आपल्या आज्या-पणज्या चातुर्मासात कहाण्या सांगत. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सुफळ संपूर्ण करण्याची त्यांची हातोटी होती. आटपाट नगर म्हटले की नगर उभे राहिले. राजाच्या दोन राण्या, एक आवडती, एक नावडती, एवढे म्हटले की सारा संसार डोळ्यांपुढे आला. नावडतीला काय वाटत असेल, हे कोणी फोडून सांगितले नाही. ते ऐकणारीने आपल्या मनाशी भरून घ्यायचे. कहाणी संपल्यावर “एवढंच?” असे कोणी विचारले नाही. हातातल्या तांदळाच्या अक्षता देवाला वाहून बायका घटकाभर गप्प बसत. चांगला लघुपट याच जातीचा असतो. तो सगळे सांगत नाही. अर्धे आपल्या पदरात टाकतो आणि उरलेले आपल्याकडून मागतो.

आपल्याकडच्या चित्रपटाची सुरुवातही एका चिमुकल्या चित्रापासून झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण दादासाहेब फाळके यांनी त्याआधी, १९१२ साली, ‘अंकुराची वाढ’ नावाचे अगदी छोटे चित्र काढले होते. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभर चाललेली वाढ पडद्यावर पाहता पाहता झाली. दाण्यातून अंकुर फुटला आणि वेल वर चढला. पैसेवाल्यांना हा माणूस काय करू शकतो ते पटले, ते या वाटाण्यामुळे. त्यानंतर कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. या माउलीने रात्री अंधारात फिल्मच्या कडांना भोके पाडली, ती धुण्याचे तंत्र शिकून घेतले, आणि चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. म्हणजे मराठी घरात चित्रपट प्रथम आला तो एका कुंडीतून, आणि त्याला पाणी घातले ते घरच्या बाईने.

या वाटाण्यापाशीच लघुपटाची सारी युक्ती आहे. एक वस्तू घट्ट धरावी आणि ती नेईल तिकडे जावे. आल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘लाल फुगा’ १९५६ सालचा. ३४ मिनिटांचा, आणि बोलणे जवळजवळ नाहीच. पॅरिसच्या एका जुन्या वस्तीत एका मुलाला लाल फुगा सापडतो आणि तो फुगा कुत्र्याच्या पिलासारखा त्याच्या मागे मागे हिंडू लागतो. मुलाचे काम दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मुलाने केले. इतर पोरे द्वेषाने त्या फुग्याचा जीव घेतात. फुग्याचा जीव म्हटल्यावर तुम्ही हसलात. पण चित्र पाहताना हसू येत नाही, घसा दाटतो. एक शब्द न कळता आपल्याला मैत्री कळते, मत्सर कळतो, आणि गेलेल्याचे दुःखही कळते. पटकथेचे ऑस्कर पारितोषिक त्या वर्षी मोठमोठ्या चित्रपटांना मागे टाकून या फुग्याला मिळाले.

आता ‘गिरणी’कडे येते. २००४ सालचे हे चित्र पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असलेल्या तरुणाने केले आणि त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चरितार्थासाठी एक आई घरात पिठाची गिरणी घेते. मुलाला आधी केवढे अप्रूप! पण मग दिवसरात्र तीच घरघर, आणि हळूहळू ते यंत्र घराचे मालक होऊन बसते. इथे कोणी दुष्ट नाही. आईला गिरणी हवीच आहे; मुलाला ती नकोशी झाली आहे; आणि दोघांचेही खरे आहे. हे कोणी तोंडाने म्हणत नाही. ते ती घरघर सांगते.

मी आधणाकडे पाहून परत आले तेव्हा दाराशी आपले सभागृह झाडून-पुसून ठेवणाऱ्या बाई उभ्या होत्या. केरसुणी भिंतीला टेकवलेली. आम्ही त्यांना आत बसायला बोलावले नव्हते, हे आज कबूल करते. त्या मला म्हणाल्या, “काकू, त्या पोराच्या कानांत अजून वाजत असंल.” मी नुसते “हो” म्हटले. मग त्या थांबून म्हणाल्या, “माझं शिलाईचं मशीन रात्री चालू असतं. पोरगं तिथंच झोपतं. त्याला कधी विचारलंच न्हाई.”

चार दिवसांनी मी आपण होऊन विचारले, “बोललात का मुलाशी?” त्या म्हणाल्या, “विचारलं. म्हणला, आई, आवाज थांबला की मला जाग येते. तू झोपलीस का ते बघतो मी.”

भगिनींनो, “एवढंच?”ला माझ्यापाशी याहून मोठे उत्तर नाही. सभागृहातल्या आम्हा सगळ्यांत चित्र पुरते पाहिले ते दाराशी उभे राहून पाहणारीने. तिने ते घरी नेले, आणि मायलेकांत जे कधी बोलले गेले नव्हते ते बोलले गेले.

काही जण म्हणतात, लघुपट ही शिकाऊ मुलांची पाटी. हात बसला की मोठे चित्रपट करायचे. हेही खरे नव्हे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली गावोगाव गाजला. त्यानंतर लगेच, २०१७ साली, त्यांनी ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट केला, आणि दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. गुरुजींनी पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहून आणायला सांगितले आहे, आणि मुलाच्या घराचे छप्पर त्याच पावसाने गळते आहे. आपल्यापैकी कित्येकींनी तो निबंध लिहिला असेल. इंद्रधनुष्य, मोर, हिरवा शालू, सगळे घालून. त्याच वर्गात एखादी मैत्रीण ओल्या दप्तराने येत असे, तिने काय लिहिले असेल, हे मला इतक्या वर्षांनी प्रथम सुचले.

पुण्याच्या सुमित्रा भावे यांचे उदाहरण तर आपल्याला फारच जवळचे. त्या समाजकार्याच्या अध्यापिका. वस्तीतल्या दलित स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास करताना त्यांच्या मनात आले की, ज्यांच्याविषयी हे लिहायचे त्यांनाच ते वाचता येणार नाही. म्हणून कॅमेऱ्याचे शिक्षण नसताना, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. साल १९८५. त्यालाही राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे मोठे चित्रपट करून २०२१ साली त्या गेल्या. ज्या बाईची गोष्ट, तिच्यापर्यंत ती पोहोचली पाहिजे, या एका हट्टापायी त्यांनी नवी विद्या उचलली.

पण पोहोचवायचे कोणी? लघुपटाला तिकिटाची खिडकी नसते, नटनट्यांची जाहिरात नसते. महोत्सवात दाखवला जातो, टाळ्या पडतात, आणि बहुधा तिथेच राहतो. आता पुष्कळ लघुपट मोबाइलवर सापडतात हे खरे. पण फोडणी देता देता पाहिलेले चित्र फोडणीबरोबरच उडून जाते. एकत्र बसून पाहणारी माणसे लागतात. विजया मुळे यांनी हे फार पूर्वी ओळखले. मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी पाटण्यात आणि दिल्लीत चित्रपट-मंडळे उभी केली. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या अशा मंडळांचा महासंघ झाला, त्याच्या उभारणीत त्या होत्या. आणि १९७४ साली त्यांनी ‘एक अनेक और एकता’ हे सात मिनिटांचे बोलके चित्र केले. जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम पंख मारून जाळ्यासकट उडून जातात, ती गोष्ट. दूरदर्शनवर ती पाहून एक पिढी मोठी झाली. सात मिनिटांची गोष्ट पन्नास वर्षांनंतरही माणसांच्या तोंडी आहे.

म्हणून मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. महिन्यातून एकदा आपण एक लघुपट पाहावा. तो संपल्यावर दहा मिनिटे कोणी उठू नये. चहा थांबेल, आधणाची जबाबदारी या वेळी माझी. आणि त्या दिवशी सभागृह झाडणाऱ्या बाईंसाठी, जिन्यावरच्या भाजीवालीसाठी, ज्या कोणी दाराशी थबकतील त्यांच्यासाठी, पुढच्या ओळीत खुर्च्या ठेवाव्यात.

कार्यवाहबाईंची आठी आता थोडी सैलावलेली दिसते. तेव्हा मीही माझे भाषण लघुपटासारखेच आवरते. कोणी “एवढंच?” म्हटले, तर राग येणार नाही. उरलेले तुम्ही घरी जाऊन भरा.