केबलचे तीनशे रुपये



आज टीव्हीबद्दल बोलायचंय. रेडिओवर बसून टीव्हीचं बोलायचं म्हणजे माहेरात बसून सासरचं बोलण्यासारखं आहे, पण बोलते.

गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या एका गटाची महिन्याची बैठक होती. गटात १२ जणी, बचत महिन्याला १०० रुपये. त्या दिवशी एका ताईनं १० हजारांची मागणी केली. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता आणि फी चार दिवसांत भरायची होती. पेटी उघडली तर साडेचार हजार निघाले, बाकीचे पैसे कर्जात फिरत होते. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. शेवटी तिनं घरपोच कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून पैसे उचलले, आठवड्याच्या हप्त्यानं. पोरीचा प्रवेश झाला, पण तेव्हापासून मंगळवार आला की त्या ताईच्या पोटात गोळा येतो.

हे बोलणं चाललं असतानाच केबलवाला पोरगा वसुलीला ओसरीवर येऊन उभा राहिला. बैठकीत सगळ्या एका जागी सापडतात हे त्याला बरोबर ठाऊक. ज्यांच्याकडे केबल आहे अशा नऊ जणींनी तिथल्या तिथं तीनशे-तीनशे काढून दिले. त्यातल्या दोघींनी पाचच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं, ‘ताई, कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात देते.’ तो २७०० रुपये घेऊन गेला आणि त्याच सतरंजीवर आमच्या सचिवांनी बचत मोजली, १२०० रुपये. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. नऊ घरांचे वर्षाचे ३२ हजार ४०० रुपये केबलला जातात. नर्सिंगची ती फी त्यात तीनदा निघाली असती.

तिथं मी काही बोलले नाही. बोलले ते घरी जाऊन, आणि तिथंच चुकले.

बी.ए.ला माझा अर्थशास्त्र विषय होता, त्याचा थोडा माज असतो. दुसऱ्या दिवशी मी केबल बंद करून टाकली. मालकांना सांगितलं, मुलाला सांगितलं, सासूबाईंना मात्र विचारलं नाही. संध्याकाळी आठला त्यांची मालिका असते. त्या रात्री त्यांनी टीव्ही लावला, निळ्या पडद्याकडे बघत बसल्या आणि काही न बोलता जेवायला उठल्या. आठ दिवसांनी कळलं, त्या रोज रात्री बॅटरी घेऊन चिखलातून शेजारच्या घरी मालिका बघायला जात होत्या. मी फोनवर मालिकेचा भाग लावून दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना एवढ्याशा पडद्यावर काय दिसणार? म्हणाल्या, ‘माणसं मुंगीएवढी दिसतात गं.’

दिवसभर घर राखणाऱ्या, शेळ्यांकडे बघणाऱ्या बाईला संध्याकाळचा तो अर्धा तासच काय तो तिचा असतो. टीव्हीवर पैसे घालवता म्हणून बायकांना बोल लावणारे पुष्कळ आहेत. मला त्यांच्यात जायचं नाही. त्यामुळं आता जे सांगते ते टीव्ही बंद करा म्हणून नाही, तोच टीव्ही कमी पैशात कसा बघायचा हे सांगते.

पहिली सोय म्हणजे दूरदर्शनची मोफत छत्री, डीडी फ्री डिश. ही २००४ सालापासून आहे, पण जाहिरात करायला दारात कोणी येत नाही म्हणून पुष्कळ घरांना माहीत नसते. एकदा छत्री आणि बॉक्स विकत घ्यायचा, बसवून घ्यायचा, की संपलं. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. ‘तुमच्या फ्री डिशचं रिचार्ज संपलंय, पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो लबाडाचा समजायचा आणि ठेवून द्यायचा.

बॉक्स घेताना दुकानदाराला एमपीईजी-४ चा मागा. जुन्या एमपीईजी-२ च्या बॉक्सवर वाहिन्या कमी दिसतात आणि दुकानात तोच आधी पुढं करतात. घरात जुनी छत्री गंजत पडली असेल तर ती दाखवा. अनेकदा तीच चालते, फक्त तोंड फिरवावं लागतं. आपल्याकडे छत्रीचं तोंड आग्नेयेकडे येतं, म्हणजे वास्तुवाले चूल जिकडं मांडायला सांगतात तिकडं. त्या बाजूला आंबा, लिंब किंवा शेजाऱ्याची माडी आडवी येत नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा. मोठ्या पावसात चित्र तुटतं, पाऊस थांबला की येतं. पोराला पत्र्यावर चढवू नका.

आता काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधीच सांगते. सह्याद्री दिसते. तिच्यावर ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम आहे. कोरोनात २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा पहिली ते आठवीच्या पोरांसाठी ‘टिलीमिली’ लागायची ती याच वाहिनीवर. डीडी किसान आहे, शाळेच्या इयत्तांच्या वाहिन्या आहेत, बातम्या आहेत, जुने हिंदी सिनेमे भरपूर आहेत. त्याच छत्रीवर आकाशवाणीची केंद्रंही लागतात. भारतात होणारे आपल्या संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने बहुतेक वेळा डीडी स्पोर्ट्सवर दिसतात, हे घरातल्या गड्यांना आधी सांगा, निम्मं भांडण तिथंच मिटतं. आयपीएलचे सगळे सामने मात्र दिसत नाहीत, तेही लपवू नका.

खाजगी वाहिन्यांचं असं आहे की दूरदर्शन त्यांच्यासाठी जागांचा लिलाव करतं. ज्या कंपनीनं जागा घेतली तिची वाहिनी दिसते, मुदत संपली की ती जाते आणि दुसरी येते. २०२२ साली मोठ्या कंपन्यांच्या मालिकांच्या काही हिंदी वाहिन्या अशाच एका दिवसात निघून गेल्या होत्या. म्हणून ‘माझी अमुक मालिका दिसेल का’ असं दुकानदाराला तोंडी विचारू नका, तो हो म्हणणारच. आधीच छत्री बसवलेल्या घरी जाऊन एक संध्याकाळ बसा आणि डोळ्यांनी बघून या.

आणि मालिका तिथं नसली तर? तर दुसरी सोय आहे, तीच शेवटी माझ्या घरात चालली. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणं प्रत्येक पैशाच्या वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि गिऱ्हाइकाला एकेक वाहिनी निवडून घेता येते. अख्खा पॅक घेतलाच पाहिजे असं नाही. आपल्याला सहसा हे कोणी सांगत नाही. पोरगा येतो, ‘तीनशेचा मराठी पॅक’ म्हणतो आणि आपण देतो. त्यात आपण कधीही न लावलेल्या वाहिन्यांचेही पैसे असतात. मी केबलवाल्याला परत बोलावलं आणि म्हटलं, मूळ भाडं आणि सासूबाईंची एक वाहिनी, बाकी काढ. आधी म्हणाला, असं होत नाही. मी म्हटलं, होत नाही ते पावतीच्या मागं लिहून दे. मग झालं. तीनशेचे १८०च्या आसपास आले. म्हणजे गटाला छत्रीचं सांगणारी मी, माझ्या पत्र्यावर मात्र छत्री नाही. बाया मला चिडवतात, चिडवू देत.

त्या नऊ जणींपैकी पाच जणींनी छत्री घेतली. पाच जणी मिळून वडूजला गेल्या आणि एकदम पाच घेतो म्हणून घासाघीस केली. एकीला १७०० सांगत होता, पाच जणींना १४००ला दिली, बसवून. पाच महिन्यांत ते पैसे वसूल झाले. दोघींनी माझ्यासारखं वाहिन्या कमी केल्या. उरलेल्या दोघींच्या घरी मालक ऐकले नाहीत. त्यांना मी काही म्हटलं नाही.

पण एक गंमत झाली. तीन-चार महिन्यांनी मी त्या पाच जणींना विचारलं, वाचलेले पैसे कुठं आहेत? कोणालाच सांगता येईना. एकीच्या घरी केबल गेली आणि पोरानं फोनचा मोठा रिचार्ज सुरू केला, सिनेमे फोनवर बघायला. घरात फोन तीन, रिचार्ज तीन, म्हणजे केबलपेक्षा जास्त. तिथं आम्ही एवढंच ठरवलं की मोठा रिचार्ज एकाच फोनवर ठेवायचा. बाकीच्यांच्या घरी पैसे तसेच विरघळले, मीठ-मिरचीत, गाडीच्या पेट्रोलमध्ये. तीनशे रुपये हातात राहिले की घरात त्यांना पाय फुटतात.

मग गटानं ठराव केला. ज्यांची केबल गेली किंवा कमी झाली त्यांनी बैठकीच्या दिवशी १०० रुपये जादा भरायचे, आणि ते पासबुकात वेगळ्या ओळीत लिहायचे. सचिवांनी त्या ओळीला नाव दिलंय ‘छत्री’. सात जणी भरतात, महिन्याला ७०० होतात. फार नाहीत. पण गेल्या महिन्यात त्या नर्सिंगवाल्या ताईनं कंपनीचे राहिलेले हप्ते एकदम फेडायला गटाकडून ६ हजार मागितले, तेव्हा पेटी उघडल्यावर कोणी कोणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपापली केबलची शेवटची पावती घेऊन या. पावती मिळत नसेल तर या महिन्यात पैसे देताना मागून घ्या. त्यावर कोणत्या वाहिन्यांचे पैसे घेतलेत ते आपण मिळून वाचू. आणि येण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, ती आठ वाजता काय बघते.