औषध तेच, वाहन नवे



कर्करोगाचे नाव निघाले की आपला आवाज खाली येतो. केमोथेरपी म्हटले की घरची माणसे आधीच खचतात. ही धास्ती अगदीच निराधार नाही. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणे हे या औषधांचे काम; परंतु केसांच्या मुळांतील व आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही भराभर वाढतात. औषधाला आपपर कळत नाही. डॉक्सोरुबिसिन हे गुणकारी औषध तर हृदयाच्या स्नायूलाही इजा करते; म्हणून ते रोग्याला एकंदर किती द्यावे यास मर्यादा असते.

यावर शास्त्रज्ञांनी औषध तेच ठेवून त्याचे वाहन बदलले. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारे शंभर नॅनोमीटर व्यासाच्या, स्निग्ध द्रव्याच्या पोकळ गोलकांत त्यांनी हे औषध भरले. या गोलकांना लायपोसोम म्हणतात. निरोगी रक्तवाहिन्यांतून एवढे मोठे कण सहसा बाहेर पडत नाहीत. पण कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या व सच्छिद्र असतात. तेथे कण पाझरतात व साचून राहतात. मोठे रेणू गाठीत असे साचतात, हे जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ साली दाखविले. पुढे १९९५ साली 'डॉक्सिल' या नावाने लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदयाला होणारा अपाय त्यामुळे पुष्कळ कमी झाला.

मात्र 'नॅनो' हा शब्द म्हणजे जादूचा मंत्र नव्हे. प्राण्यांवरील अनेक प्रयोगांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण त्यात अवघे ०.७ टक्के भरले. शिवाय डॉक्सिलमुळे हातापायांचे तळवे सोलवटू शकतात. तेव्हा पालकहो, 'नॅनो'च्या नावाने कोणी हमखास गुण देणारी पुडी विकू लागला तर भुलू नका. त्रास झाला तर तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पण उपचार अर्ध्यावर सोडू नका.

विद्यार्थी मित्रांनो, वेळापत्रकात रसायन, जीवशास्त्र व भौतिक हे तीन वेगळे तास असतात. या इवल्याशा गोलकात ते तिन्ही एकत्र आले आहेत. गाठीपर्यंतची ही वाट अजून अपुरी आहे. ती पुरी करण्यास अभ्यासू मुले हवीत आणि मुलीही हव्यात. आपल्या मुलीने विज्ञान शाखेचे नाव काढले, तर पालकांनो, तिला अडवू नका.