बोबड्या बोलांचा हिशेब



यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी ऐन भरात येते. बांधावरच्या कडुनिंबाला लुगड्याची झोळी टांगलेली असते. तिच्यातले आठ-नऊ महिन्यांचे मूल 'बा-बा, मा-मा' असे काहीबाही पुटपुटत असते. आई ओळीच्या दुसऱ्या टोकाला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. झोळीपाशी येऊन लेकराला 'ओ' द्यायची, तर तेवढा कापूस कमी भरतो. अर्थशास्त्र याला संधिव्यय म्हणते. परंतु हा व्यय कोणत्याही हिशेबवहीत नोंदला जात नाही.

ही 'ओ' म्हणजे केवळ लाडाकोडाची बाब आहे काय? मायकेल गोल्डस्टीन व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी २००३ साली आठ महिन्यांच्या बालकांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटातील मातांनी मुलाने आवाज काढताक्षणीच हसून, जवळ सरकून, स्पर्श करून प्रतिसाद दिला. दुसऱ्या गटातील मुलांनाही तितकेच हसू व तितकाच स्पर्श मिळाला. मात्र मुलाच्या आवाजाशी त्याचा मेळ नव्हता. पहिल्या गटातील मुलांचे उच्चार त्या थोड्या वेळातच अधिक स्पष्ट अक्षरांकडे झुकले. दुसऱ्या गटात तसे घडले नाही. माया दोन्हीकडे सारखीच होती. फरक वेळेचा होता.

हे ज्ञान यवतमाळपर्यंत पोचलेले आहे. अंगणवाड्यांमार्फत पालकांना बाळाशी बोलण्या-खेळण्याचे महत्त्व सांगणारा 'आरंभ' हा उपक्रम शासन, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी प्रथम ज्या जिल्ह्यांत राबविला, त्यांत यवतमाळ होते. उपक्रम मोलाचा आहे. 'तान्ह्याला काय कळते' हा समज खेड्यात आहे, तसा शहरातही आहे. पण सल्ला पाळायला जो वेळ लागतो, तो कोणी द्यायचा?

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. शेतात रोजाने राबणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. तिला ती कोण देणार? २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच लहान मुले आली, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर बाईला नेमून मजुरी देण्याची तरतूद केली होती. खाजगी शेताच्या बांधावर तेवढेही नाही. तेथे झोळीला झोका देते ती थोरली बहीण, बहुधा शाळा बुडवून. (बापाचा उल्लेख अजून आला नाही, हे श्रोत्यांच्या लक्षात आले असेल, आले नसेल, तर तेही बोलकेच आहे.)

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आजची अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते. त्याखालच्यांच्या वाट्याला मुख्यतः आहार आणि लस येते. वेचणीच्या हंगामात पाळणाघर बांधावर नेले पाहिजे. वाकून वेचणे ज्यांना आता झेपत नाही, अशा म्हाताऱ्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्या कोलामाच्या लेकराशी कोलामीत बोलतील, बंजाऱ्याच्या लेकराशी गोरमाटीत. मात्र त्यांना पुरी मजुरी मिळाली पाहिजे. ती ग्रामपंचायतीने द्यावी, की शासनाने, की कापूस विकत घेणाऱ्यांवर उपकर बसवून उभी करावी, हा वाद घालता येईल. तो पुढल्या दिवाळीच्या आत मिटावा.