निम्मी बॅटरी बियाण्याची

कळमेश्वर, काटोल, सावनेर या पट्ट्यातल्या बगीचेवाल्यांशी आज बोलायचं आहे. ज्यांचं घर वावरात आहे, विजेचा खांब लांब आहे आणि ज्यांनी पॅनेल, इन्व्हर्टर, बॅटरी बसवून स्वतःपुरती वीज उभी केली आहे, त्यांच्याशी. पॅनेल कुठल्या दिशेला बसवायचं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मला बोलायचंय ते बॅटरीबद्दल, आणि त्यातही एकच गोष्ट: निम्मी बॅटरी तुमची नाही.

जुन्या घरांत कणगी असायची. वरचं धान्य खायचं, तळाचं बियाण्याला राखायचं. भूक लागली म्हणून तळाला हात घातला, की पुढच्या सालची पेरणी गेली. शिशाच्या बॅटरीचं असंच आहे. निम्म्याच्या खाली ती वारंवार उतरली आणि तशीच पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक बसतो. मग कितीही ऊन पडो, ती पूर्वीसारखी भरत नाही.

आता हिशेब करा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १.८ युनिट. त्यातलं तुमचं ०.९. बीएलडीसी पंखा ३० वॅटचा, रात्रभर आठ तास चालला तर पाव युनिट. दोन एलईडी दिवे किरकोळ. पण कणगीला उंदीरही लागतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १०-२० वॅट खातो, म्हणजे रात्रीचा आणखी एखादा दशांश युनिट गेला. एवढं सारं निम्म्यात बसतं. त्यावर १५० वॅटचा कूलर सहा तास चालवला, की एकट्या कूलरनेच ०.९ युनिट नेलं. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय झोप नाही, हे मी जाणतो. कूलर लावू नका, असं म्हणतच नाही. मग बॅटऱ्या दोन घ्या. दोन्ही एकाच वेळी, एकाच जातीच्या. जुनीला नवी जोडू नका, जुनी नवीलाही ओढून नेते.

पाणी तापवायचा रॉड मात्र कणगीवर आणूच नका. १५०० वॅटचा रॉड अर्धा तास चालला की पाऊण युनिट गेलं, म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या तुमच्या हिश्शातलं जवळजवळ निम्मं, एका आंघोळीपायी. इस्त्रीचंही तेच. उष्णता करणारं काहीही बॅटरीवर नको. त्याला चूल आहे, गॅस आहे. मिक्सरचं भय बाळगू नका, ताई, तो पाच मिनिटांचा पाहुणा. मसाला वाटायचाच असेल तर दुपारी वाटा. फ्रिजही दुपारी जोरात चालू द्या, आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. त्या थंड झाल्या की रात्री कॉम्प्रेसरला कमी काम पडतं. ऊन असताना पॅनेलचं येणारं थेट खर्च होतं, कणगीला हात लागत नाही. दिवसाचं काम दिवसा उरका.

पुन्हा सांगतो, कारण इथेच घोटाळा होतो. पुष्कळ जण म्हणतात, इन्व्हर्टर वाजला की आम्ही बंद करतो. भाऊ, तो वाजतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास तोडतात. तोवर बियाणं खाऊन झालं. मल्टिमीटर घ्या. सगळा लोड बंद करून बॅटरीला थोडा वेळ निवांत ठेवा आणि पाहा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पहाटे १२.२ च्या खाली दिसलं, तर त्या रात्री काय काय चालू होतं ते आठवा आणि एक काहीतरी कमी करा.

पावसाळ्यात झड लागते तेव्हा जास्त जपा. एक किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं, झडीत त्याचा थोडाच भाग हाती येतो. तेव्हा कूलर तसाही बंद असतो. टीव्हीही बंद ठेवा, पंखा आणि दिवा पुरे. आभाळ उघडल्यावर पहिला दिवस बॅटरी पूर्ण भरू द्या, लगेच खर्चायला धावू नका.

वेळ संपत आला. लिथियम बॅटरीचं राहिलंच. तिच्यातलं ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त खाता येतं, पण ती महाग, आणि तिला चार्जरही तिच्याच सेटिंगचा लागतो. त्यावर सविस्तर पुन्हा केव्हातरी. शिशाच्या बॅटरीच्या जागेचं तेवढं सांगतो. टिनाच्या तापलेल्या शेडखाली बॅटरी ठेवू नका. तापमान दहा अंशांनी चढलं, की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. सावली हवी, वारा हवा, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. झोपायच्या खोलीत तर नकोच. आणि पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, बोअरचं नाही. झाकणावरची तरंगती काडी खाली बसलेली दिसली, की त्याच दिवशी घाला.