गुरुवारची सकाळ : प्रा. आझर नफिसी



तेहरानमधील एका घराच्या दिवाणखान्यात घेतलेली दोन छायाचित्रे. पहिल्यात काही तरुणी भिंतीला पाठ करून उभ्या आहेत. अंगावर काळे झगे, डोक्यावर काळे रुमाल. चेहरे आणि हात तेवढे उघडे. दुसऱ्यात त्याच तरुणी, तीच भिंत. मात्र आवरणे उतरली आहेत आणि रंग प्रकट झाले आहेत. इंग्रजीच्या प्राध्यापिका आझर नफिसी यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'रीडिंग लोलिता इन तेहरान' या आत्मकथनात आरंभीच ही छायाचित्रे भेटतात.

नफिसीबाईंचे वडील अहमद नफिसी तेहरानचे महापौर होते. आई १९६३ मध्ये संसदेवर निवडून आली. बालपणी वडिलांच्या तोंडून फिरदौसीच्या 'शाहनामा'तील कथा ऐकत त्या वाढल्या. इंग्लंडमध्ये शालेय शिक्षण झाले आणि अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात डॉक्टरेट. तेथे इराणी विद्यार्थ्यांच्या चळवळीत शहाविरुद्ध घोषणा देणाऱ्यांत त्याही होत्या. हे त्यांनी लपविलेले नाही, हे विशेष. १९७९ च्या क्रांतीच्या वर्षी त्या मायदेशी परतल्या आणि तेहरान विद्यापीठात शिकवू लागल्या.

तेथील एक प्रसंग विलक्षण आहे. फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी अनैतिक आहे, असा आक्षेप एका विद्यार्थ्याने घेतला. बाईंनी त्याला गप्प बसविले नाही. त्यांनी वर्गातच खटला उभा केला. विद्यार्थ्यांतूनच न्यायाधीश नेमला, आक्षेप घेणारा फिर्यादी झाला, एका विद्यार्थिनीने बचावाचे वकीलपत्र घेतले आणि आरोपी म्हणून, म्हणजे खुद्द पुस्तक म्हणून, बाई स्वतः उभ्या राहिल्या! बाहेर रस्त्यावर खरे खटले आणि खऱ्या शिक्षा चालू असताना एका वर्गात विरोधकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले जात होते.

१९८१ मध्ये बुरखासक्ती मानण्यास नकार दिल्याने त्यांना विद्यापीठातून काढण्यात आले. इराक युद्धाची वर्षे गेली. १९८७ पासून त्यांनी पुन्हा शिकविले खरे. पण निर्बंधांना कंटाळून अखेर स्वतःच नोकरी सोडली. १९९५ मध्ये सात निवडक विद्यार्थिनींना त्यांनी घरी बोलाविले. दर गुरुवारी सकाळी चहाचे पेले, खाऊच्या बशा आणि नाबोकोव्ह, हेन्री जेम्स, जेन ऑस्टिन! विवाहाचे वय, पित्याची सत्ता, बळजबरी या कादंबऱ्यांतील गोष्टी त्या मुलींच्या घरच्याच होत्या. १९९७ मध्ये बाईंनी देश सोडला आणि पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम केले.

ग्रंथाला अफाट वाचक लाभला, विरोधही झाला. मूळचे इराणी असलेले प्राध्यापक हमीद दबाशी यांनी २००६ मध्ये, हे लेखन अमेरिकेच्या युद्धखोर धोरणाला पोषक ठरते, असा कठोर आरोप केला. तो टोकाचा वाटला, तरी परक्या देशात बसून स्वदेशाचे दुःख सांगताना श्रोता कोण आहे याचा विचार लेखकाला चुकत नाही.

परंतु सर्वांत अवघड परीक्षा पुढच्या पुस्तकात होती. 'थिंग्ज आय हॅव बीन सायलेंट अबाउट' मध्ये त्या राजवटीवर बोट ठेवून थांबत नाहीत; स्वतःच्या घरात शिरतात. भूतकाळ कल्पनेने सजविणारी करारी आई, तुरुंगवास भोगलेले लाडके वडील, त्यांची विवाहबाह्य प्रेमप्रकरणे आणि ती आईपासून दडवून ठेवण्यात कन्येने दिलेली साथ, हे सारे त्यांनी लिहिले. वडिलांनीही आठवणी छापल्या होत्या. मात्र त्या सभ्य आणि सावध होत्या. खरा माणूस त्यांच्या खासगी रोजनिशीतच उरला होता.

वडिलांशी चाललेला हा संवाद मात्र तुटला नाही. २०२२ मध्ये आलेले 'रीड डेंजरसली' हे पुस्तक पत्ररूप आहे. पत्रे लिहिली आहेत ती दिवंगत वडिलांनाच, आणि विषय आहे पुस्तकांचा.