वाकडे शेपूट कुणाचे?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एका शब्दात उत्तर दिले, "कुत्रा!" क्षणभर त्यांची अशी समजूत झाली की मी त्यांच्यावरच रागावलो. खुलासा झाल्यावर त्यांनी तो विषय छापून टाकला, आणि त्यांच्या या धाडसाचे फळ आपण सर्वांनी आता तासभर भोगावयाचे आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर राजकारण, अध्यात्म आणि साहित्य यांना मानाचे पान मिळत आले आहे. त्या पंक्तीत कुत्र्याला बसवणे काहींना रुचणार नाही. परंतु आपल्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती देशभर प्रसिद्ध आहे. त्या दत्तगुरूंची तसबीर घरी असेल तर जरा निरखून पाहा. पायांशी चार कुत्री आहेत, आणि जाणती माणसे त्यांना चार वेद म्हणतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपलेच. आणि स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाची सोबत कुणी केली, हे मी सांगावयास नको. सारांश, या व्यासपीठावर कुत्रा काही अगदीच परका नाही.

आपल्या भाषेने मात्र या प्राण्यावर मोठा अन्याय केला आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो, म्हणजे त्याची खोड जन्माची, ती जावयाची नाही. गुरांच्या दवाखान्यात उभा जन्म घालवल्यावर माझे मत अगदी उलट झाले आहे. कुत्र्याच्या बहुतेक खोडी आपण शिकवलेल्या असतात. नकळत शिकवतो, पण मोठ्या चिकाटीने शिकवतो. हे मत मला पुस्तकातून मिळाले नाही, ते चुकीची किंमत देऊन मिळाले. ती गोष्ट पुढे सांगेन.

कुत्रा शिकतो कसा, हे आधी पाहू. माणसाने गाय, म्हैस, घोडा जवळ केले त्याच्या कितीतरी आधी, निदान चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी, लांडग्याच्या कुळातला हा प्राणी माणसाच्या शेकोटीजवळ आला. तेव्हापासून माणसाचा हात आणि चेहरा वाचणे हाच त्याचा अभ्यास आहे. रशियात पावलोव्ह नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, अन्न समोर येण्यापूर्वीच, केवळ अन्न आणणाऱ्याची चाहूल लागताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. ज्या खुणेमागून अन्न येते ती खूण कुत्रा मनात पक्की बसवतो. आणि आपल्या ज्या कृतीमागून लाभ होतो ती कृती तो पुन्हा करतो. त्याला वळण लावण्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे.

आता आपले घर पाहा. आपण जेवावयास बसलो, कुत्रा भुंकू लागला. दोन मिनिटे दटावले, मग कंटाळून भाकरीचा तुकडा फेकला. आपण समजलो, त्याला गप्प केले. तो समजला, भुंकले की भाकरी मिळते. दुसऱ्या दिवशी तो अधिक जोराने भुंकतो. यात लबाडी कसली? धडा चोख पाठ केला, एवढेच. हा धडा पुसावयाचा तर भुंकत असता काहीही द्यावयाचे नाही, ओरडावयाचेही नाही, कारण कित्येक कुत्र्यांना आपले ओरडणेसुद्धा लाभच वाटते. तो गप्प बसला की त्याच क्षणी शाबासकी आणि तुकडा. पहिले काही दिवस भुंकणे वाढेल. तेथेच बहुतेक घरे हरतात. वडील पाच दिवस धीर धरतात आणि सहाव्या दिवशी आजी हळूच पोळी टाकते! म्हणून म्हणतो, घरातल्या सर्वांचा नियम एक हवा. कुत्रा शिकण्यापूर्वी कुटुंबाने शिकले पाहिजे.

अंगावर उड्या मारणे याच जातीचे आहे. पिल्लू असता आपण कौतुकाने उचलून घेतो, मोठे झाल्यावर त्याच उडीबद्दल लाथ घालतो. त्याने कोणता नियम खरा धरावा? उडी मारली की तोंड फिरवावे, चारी पाय जमिनीवर टेकले की जवळ घ्यावे. घरात घाण करणाऱ्या पिल्लाचे नाक त्या घाणीत घासणारे लोक आहेत. त्यातून ते एकच गोष्ट शिकते, की या माणसासमोर विधी करू नये, लपून करावा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरल्या जागी न्यावे आणि काम झाल्याबरोबर तेथेच शाबासकी द्यावी. घरी परत येऊन दिलेली शाबासकी घरी येण्याबद्दलची ठरते. चपला चावणाऱ्या पिल्लाचे वय आधी पाहावे. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास त्याचे दुधाचे दात पडून पक्के दात येतात. त्या काळात चपला उचलून ठेवाव्यात आणि चावावयास एखादी जाड दोरी द्यावी.

कित्येक खोडी तर खोडी नसतातच, ते दुखणे असते. गरीब स्वभावाचा कुत्रा एकाएकी हात लावू देईनासा झाला, तर छडी शोधण्यापूर्वी त्याचा कान तपासावा. कान फुटलेला असतो, दात किडलेला असतो, किंवा बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरलेले असतात. गोचिडामुळे नुसती खाज सुटत नाही. त्यांच्यापासून ताप येतो, रक्त कमी होते आणि कुत्रा दगावतोही. पावसाळ्यात रोज संध्याकाळी त्याच्या अंगावरून बोटे फिरवावीत, आणि औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच लावावे.

खाण्याविषयी थोडे. खानदेशातली भाजी म्हणजे तिखट आणि कांदा-लसूण आलाच. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. तेव्हा उरलेली भाजी कुत्र्याला, ही पद्धत बंद करावी. भाकरी, साधा भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे मांस चालेल. शिजवलेल्या कोंबडीची हाडे नकोत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही नको.

आणि आपला उन्हाळा! पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आपण घामाने निवतो. कुत्र्याला तशी सोय नाही. पायाच्या तळव्यांना येतो तेवढाच त्याचा घाम. बाकी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. पत्र्याखाली साखळीला बांधलेला कुत्रा दुपारी दोन वाजता अंगावर येतो, यात नवल नाही. सावली, भरलेले पाण्याचे भांडे आणि सकाळ-संध्याकाळचा फेरफटका मिळू लागला की पुष्कळ "चावरी" कुत्री आठ-पंधरा दिवसांत निवळतात. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा चांगला राखणदार होतो, हा भ्रम आहे. तो राखणदार होत नाही, चिडखोर होतो.

आता ती गोष्ट. आपला जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, त्याच्याही आठ-दहा वर्षांपूर्वीची. मी नोकरीत नवा होतो. घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा होता. जेवताना जवळ कुणी गेले की तो गुरगुरत असे. मला ते अपमानास्पद वाटले. पशुवैद्याच्या घरचा कुत्रा गुरगुरतो म्हणजे काय! गुरगुरला की मी छडी मारीत असे. महिनाभरात गुरगुरणे थांबले, आणि मी ती विद्या चारचौघांत मिरवलीही.

उन्हाळ्याच्या सुटीत बहीण माहेरपणाला आली. तिची मुलगी पाच वर्षांची. मोत्या जेवत असता ती त्याला कुरवाळावयास वाकली. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. त्याने सरळ तिच्या हाताचा लचका तोडला.

भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही दुसरी खोटी म्हण. भुंकणाराही चावतो. पण गुरगुरणे ही त्याची सभ्य भाषा आहे. "जरा लांब राहा, मला भीती वाटते," एवढेच तो म्हणत असतो. मी त्याची भीती घालवली नव्हती, फक्त त्याची वाचा काढून घेतली होती. योग्य उपाय अगदी सोपा होता. तो जेवत असता लांबूनच अधिक चांगला घास टाकत जावयाचे, म्हणजे माणूस जवळ येतो तो हिरावण्यासाठी नव्हे, देण्यासाठी येतो, हे त्याला पटले असते. आणि जेवत्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ लहान मुलाला एकटे जाऊ द्यावयाचे नाही. दोन्ही गोष्टी मी केल्या नाहीत.

मी घरी पोचलो तेव्हा शेजारणीने जखमेत लाल तिखट भरले होते. नंदुरबारची मिरची दूरदूरच्या बाजारांत जाते, तिचा अभिमान मलाही आहे. पण ती ताटात शोभते, जखमेत नव्हे. तिखट, चुना, हळद, तेल यांनी विष मरत नाही, जखम मात्र चिघळते. ते सारे धुऊन आम्ही दवाखाना गाठला. त्या काळी पोटात सुया घेत असत. दहा दिवस रोज ती पोर दवाखान्याची पायरी पाहताच किंचाळत असे. दहा दिवस मोत्या नजरेखाली होता. तो धडधाकट राहिला, म्हणून डॉक्टरांनी पुढच्या सुया थांबवल्या.

अकराव्या दिवशी मी त्याला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतावर बांधून आलो. निर्दोष ठरल्यावर हद्दपार! पंधरा दिवसांनी सालदार साखळी घेऊन आला. रात्री बिबट्याने नेला म्हणाला. आपल्या भागात उसाच्या आडोशाने बिबट्या फिरतो, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढलेले ताट. शेतावर कुत्रा असेल तर रात्री त्याला बंद आडोशात घ्या. ती साखळी मी पुष्कळ वर्षे दवाखान्यातल्या खुंटीला अडकवून ठेवली होती. हातात छडी घेऊन कुणी आला की मी तिच्याकडे बोट दाखवीत असे.

मोत्या पिसाळलेला नव्हता, हे आमचे नशीब. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, आणि माणसाला हा रोग होतो तो शंभरात नव्याण्णव वेळा कुत्र्यापासून. पण लक्षणे दिसण्यापूर्वी तो हमखास टाळता येतो. पाश्चरने १८८५ साली फ्रान्समध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून ते दाखवले. तेव्हा कृपा करून एवढे पाठ करा. कुत्रा चावला, दात लागून नुसते खरचटले, किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. जखमेत काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पोटातल्या सुया इतिहासजमा झाल्या, आता दंडात टोचतात. थोड्याच मात्रा असतात, पण डॉक्टरांनी लिहून दिलेली एकही तारीख चुकवू नये. जखम खोल असेल तर जखमेत वेगळे औषध टोचावे लागते, ते मागून घ्यावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्याची वाट पाहत लस लांबवू नये. आणि मुलांना घरी असा धाक घालू नका की चावलेले ती लपवून ठेवतील. मार चुकवण्यासाठी मूल गप्प बसते, आणि गप्प बसण्याची किंमत जीव असते. मोत्याची वाचा मी छडीने बंद केली होती. मुलाची वाचा तशी बंद होऊ देऊ नका.

आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस द्यावी, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि पुढे दरवर्षी. बाकीच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात. पिल्ले नको असतील तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिल्ले पोत्यात घालून बाजारतळावर सोडून यावयाची, आणि पुढल्या वर्षी भटक्या कुत्र्यांविरुद्ध नगरपालिकेला अर्ज द्यावयाचा, हा व्यवहार बरा नव्हे. २०२३ च्या केंद्राच्या नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे स्थानिक संस्थांचे काम ठरवले आहे. ते काम आपण अवश्य मागावे, पण आपल्या दारातली भर थांबवून मागावे.

बोलणे लांबले. ज्या म्हणीपासून निघालो तेथेच येतो. कुत्र्याचे शेपूट वाकडेच असते, कारण निसर्गाने ते तसे केले आहे. ते सरळ करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. नळीत घालावयाचे असेल तर आपले वागणे घालू. ते सरळ होऊ शकते, हे मी स्वतःवरून सांगतो, फक्त मोत्याला त्याचा उपयोग झाला नाही. आज घरी गेल्यावर दाराशी जो कुणी शेपूट हलवीत येईल, त्याचे पाण्याचे भांडे भरलेले आहे की नाही, एवढे आधी पाहा.